तिरकी दांडी

मुन्शी घाट, वाराणसी
११ मे

नाही, आता तू बोलूच नकोस दादा. बोलायचं ते तू काल बोललास, आणि तेही माझ्याशी नाही, काशीनाथ मिस्त्रीशी. "कल से मत आइएगा." चार शब्द, आणि फोन कट. तो आपल्या पॅसेजमध्ये गुडघ्यांवर बसला होता, ओठांत दोन स्क्रू धरून. त्याने ते काढले, पुडीत बांधले, आईला हात जोडले आणि जिना उतरून गेला. त्याचा नंबर मी तुला दाराचं माप विचारायला दिला होता, त्याला हाकलायला नाही.

हे कागदावर लिहितेय, कारण फोनवर आई "स्पीकरवर टाक" म्हणते आणि आपलं भांडण चहाबरोबर ऐकते.

तुझी तक्रार काय, तर फोटोत आईसाठी भिंतीला लावलेली आधाराची दांडी तिरकी दिसते आणि बाथरूमच्या दाराला फट आहे. दिसतेच. आहेच. आता ती का आहे ते ऐक.

जानेवारीत आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तू जाहीर केलंस की पावसाळ्याआधी हे घर तिला चालण्याजोगं झालं नाही तर तिला नाशिकला नेणार. ठीक. फेब्रुवारीपासून मी मिस्त्री शोधतेय. पहिला माप घेऊन गेला तो आजपर्यंत मापच घेतोय. दुसरा फक्त मंगळवारी यायचा, आणि दर मंगळवारी नवीन मामा मेलेला असायचा. तिसऱ्याने पॅसेज बघून सांगितलं की भिंत पाडावी लागेल. शेवटी खालच्या शरदिनीकाकू मला घाटावर घेऊन गेल्या, काशीनाथकडे. तो नावा बनवतो. घरकाम करत नाही म्हणाला. मग विचारलं, कोणासाठी आहे? आईसाठी म्हटल्यावर आला.

आल्यावर टेप काढली नाही. गेरू मागितला. वाटीत भिजवला, आईच्या दोन्ही तळव्यांना लावला आणि सांगितलं, अम्मा, बिछान्यापासून बाथरूमपर्यंत जा आणि परत या, रोज जाता तसं, भिंतीला हात टेकत. आणि आम्हाला सगळ्यांना त्याने गच्चीवर पाठवलं. मला, काकूंना, पोळ्या करणाऱ्या गंगालासुद्धा. स्वतः जिन्यात पाठ करून बसला. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी भिंतीवर लाल पंजेच पंजे. जाऊन बघ ना तू ते फोटोत, तुला पाठवलेत, तू फक्त दांडी बघितलीस. पलंगापासून अर्ध्या वाटेपर्यंत हात एका रेषेत, आणि मग खाली, आणखी खाली. बाथरूमशी पोचेपर्यंत आई दमलेली असते, वाकलेली असते. तिथे हात जिथे पडतो तिथे त्याने दांडी लावली. म्हणून ती तिरकी.

आणि फट. मीपण विचारलं होतं. म्हणाला, "लकड़ी पानी पीयेगी न, बहिनी." नवी नाव ते आधी मुद्दाम पाण्यात बुडवून ठेवतात. फळ्या फुगतात आणि सांधे आपले आपण मिटतात. लाकूड कोरडं असताना जो घट्ट बसवतो तो भादोंमध्ये, भर पावसात, रडतो म्हणे.

त्याला फोन करून माफी माग. मी वाट बघतेय.

मधू

*

नाशिक
१७ मे

मधू,

स्पीड पोस्ट मिळालं. तुझं मराठी दिवसेंदिवस गंगेत वाहत चाललंय, भादों काय, नावा काय. असो.

मी रोज आठ तास दुसऱ्यांनी बनवलेल्या भागांत चूक शोधतो, त्याचाच मला पगार मिळतो. तुझा फोटो मी मोठा करून त्यावर पट्टी धरली. सोळा फुटांत साडेचार इंच उतार. आमच्याकडे अर्धा मिलिमीटर गेला तर माल परत जातो. तू म्हणतेस त्यामागे विचार आहे. असेल. वाईट काम करणाऱ्या प्रत्येक माणसाकडे विचार असतो, मी रोज ऐकतो.

आणि माणूस होड्या बनवणारा. होडीत पाणी बाहेर ठेवायचं असतं, बाथरूममध्ये आत. एवढा फरक त्याला कळतो का, हा माझा साधा प्रश्न आहे.

तिथल्याच एका कंपनीशी बोललोय. त्यांची माणसं पुढच्या आठवड्यात येतील. स्टीलची दांडी, सरळ. नवीन दार. दोन दिवसांचं काम आणि पाच वर्षांची गॅरंटी. तू फक्त घरी थांब.

दुसरं. इथे गीताने पुढची खोली आईसाठी रिकामी केलीय. पलंगाची उंची, संडासातलं हॅंडल, सगळं मी स्वतः बसवलं. तुला वाटतं मी हुकूम सोडतो. बाबा गेले तेव्हा माझी गाडी अकरा तास लेट होती आणि मी पोचलो तेव्हा तुम्ही घाटावरून परत आला होतात. हे मी परत करणार नाही. बनारस तुला सोडवत नाही म्हणून आईने तिथे भिंती धरत चालावं, हे मला पटत नाही.

एक विचारायचं होतं. जानेवारीत तूच म्हणालीस, सावकाश करू. आता चार महिन्यांत चार मिस्त्री. तुला इतकी घाई कसली आहे?

प्रसन्न

*

वाराणसी
२ जून

दादा,

आले तुझे लोक. एकसारखे टी-शर्ट, लेसरचा दिवा, कानाला पेन्सिल. दीड दिवसात काम झालं आणि जाताना झाडूसुद्धा मारला. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसतं. दांडी चकचकीत आणि इतकी सरळ की त्यावर गोटी ठेवली तरी घरंगळणार नाही. दार बंद करताना टक असा आवाज येतो. पंजे त्यांनी पांढऱ्या रंगाखाली घातले. आईने त्यांना बेसनाचे लाडू दिले आणि म्हणाली, माझ्या मुलाने पाठवलं.

काशीनाथची लाकडी दांडी ते घेऊन जात होते, भंगार म्हणून. मी काढून घेतली. माझ्या पलंगाखाली आहे.

तुला माझी माफी हवी असेल तर अर्धी घे. उरलेली अर्धी पावसाळा संपल्यावर.

घाईचं विचारू नकोस. घाई नाही.

मधू

*

श्री

वाराणसी
६ जुलै

चि. प्रसन्न यास अनेक आशीर्वाद. चि. सौ. गीतालाही सांग.

मधू बाजारात गेली आहे तेवढ्यात लिहिते. पत्र शरदिनी टाकेल. तुम्ही दोघं कागदावर भांडता हे मला माहीत आहे. पोस्टमन आधी मलाच भेटतो.

तो मे महिन्यात तुझं पत्र घेऊन आला, त्याच्याबरोबर आणखी एक जाड लिफाफा होता. मधूच्या नावाचा, शिलाँगच्या एका शाळेचा. मी फोडला नाही, पण तिने वाचून झाल्यावर तो बाबांच्या जुन्या पंचांगात ठेवला, आणि पंचांग मी वाचतेच. शिकवायची नोकरी आहे, राहायला जागा देतात, सप्टेंबरच्या मध्यावर रुजू व्हायचं आहे. तिने हो कळवलं आहे का नाही ते कळत नाही. माझ्याशी बोलली नाही. रोज पॅसेजमध्ये उभी राहून मला चालताना बघते आणि हिशेब करत असावी, हिला सोडून जाता येईल का नाही.

म्हणून मी तिच्यासमोर नीट चालते. थोडं जास्तच नीट चालते. हे तुला लिहिते कारण तुझं काम दोष शोधायचं, आज ना उद्या तुझ्या लक्षात येईलच. तुझ्यापाशी ठेव.

मला नाशिकला यायचं नाही असं नाही. गीताने खोली लावली, वाचून भरून आलं. पण इथे सकाळी खिडकी उघडली की घाटावरच्या गर्दीवरून मला वार कळतो. तिकडे कॅलेंडर बघावं लागेल. आणि मधूला असं वाटू नये की ती गेली म्हणून माझं घर सुटलं. ते ती आयुष्यभर बरोबर बाळगेल. मुलगी सत्तावीस वर्षांची झाली, चार ठिकाणी अर्ज अर्धवट लिहिते आणि अर्धवट फाडते. तिला जाऊ दे.

तब्येत उत्तम. काळजी करू नये.

आई

*

वाराणसी
२२ ऑगस्ट

दादा,

फोनवर तुला इतकंच सांगितलं की दार अडकलं होतं. बाकीचं आईसमोर बोलता येईना.

चौदा तारखेपासून पाऊस थांबलेला नाही. गंगा घाटाच्या पायऱ्या गिळत वर आलीय, खालच्या गलीत नावा बांधल्यात. भिंतींना हात लावला तर हात ओला. तुझ्या त्या दाराचा टक आवाज आठवडाभरापूर्वीच बंद झाला होता, बाहेरून मिटताना खांद्याने ढकलावं लागत होतं. मी ठरवलं होतं कंपनीला फोन करायचा. केला पण. दोन वेळा. पाणी उतरल्यावर येऊ म्हणाले.

अठराला मी दोन तास बाहेर होते. परत आले तर पॅसेजमध्ये शरदिनीकाकू आणि गंगा दाराला लोंबकळतायत, आणि आत आई. दीड तास आत होती दादा. ओरडली नाही. स्टुलावर बसून तांब्या फरशीवर ठोकत होती, हळूहळू, देवळात टाळ वाजवतात तशी. तेवढ्यावर काकूंच्या कानावर गेलं. मी बाहेरून आई आई करत होते तर आतून म्हणते, तुझं काम झालं का?

मी धावत खाली गेले. काशीनाथ नावा सोडवून वरच्या खुंट्यांना बांधत होता, कमरेपर्यंत पाण्यात. तीन महिन्यांपूर्वी आपण त्याला घरातून काढलं होतं. मी काही बोलायच्या आत त्याने विचारलं, "दरवाजा?" आणि दोर दुसऱ्याच्या हातात देऊन आला. त्याने दार ओढलंच नाही. बिजागऱ्यांच्या खिळ्या बाहेरून उपसल्या, पटाशी घातली आणि अख्खं दार आपल्या अंगावर काढून घेतलं. आई बसलेली. म्हणाली, मिस्त्रीजी, चहा घेऊन जा.

आता तिथे पडदा आहे. तो त्याचं जुनं दार परत लावणार आहे, तुझ्या लोकांनी गलीत टाकलेलं ते त्याने उचलून ठेवलं होतं. मी विचारलं, एवढं पाणी असताना कधी करणार? म्हणाला पाणी आहे म्हणूनच, आत्ताच खरं माप मिळतं.

दांडीसाठी त्याने पुन्हा गेरू भिजवायला सांगितलं. तीन महिन्यांत हात बदलतो म्हणाला. आणि आता चांगली बातमी ऐक. हात खरंच बदललाय. ह्या वेळी मी गच्चीवर गेले नाही. तुला व्हिडिओ पाठवायचा म्हणून बाथरूमच्या टोकाशी फोन घेऊन उभी राहिले, आणि आई माझ्याकडे बघत सोळा फूट चालत आली. पंजे अगदी एका रेषेत. शेवटचा पंजा तर पहिल्यापेक्षा अंगुळभर वर. तुझ्या पट्टीलासुद्धा पसंत पडेल. काशीनाथ भिंतीकडे बघत राहिला, मग त्याने माझ्या फोनकडे बघितलं, आणि वाटी धुवायला गेला.

म्हणजे ह्या बाबतीत तू बरोबर होतास. सरळ दांडी चालेल. आई बरी झालीय.

आणि म्हणून आता सांगते. घाई होती. मला शिलाँगला नोकरी मिळालीय, पंधरा सप्टेंबरला हजर व्हायचंय. अठरा तारखेला मी त्याचंच मेडिकल सर्टिफिकेट आणायला गेले होते. फेब्रुवारीत अर्ज केला तेव्हापासून भरवशाचा मिस्त्री म्हणजे माझ्यासाठी एकच अर्थ होता. ज्याच्या कामावर आईला सोडून जाता येईल असा माणूस. वाईट वाटतं का? मला वाटतं. पण पंजे सरळ आहेत.

मधू

*

नाशिक
२९ ऑगस्ट

मधू,

व्हिडिओ पाहिला. बऱ्याचदा पाहिला.

दाराबद्दल माझी चूक. गॅरंटीचा कागद फाडला नाहीये, टेबलावर समोर ठेवलाय, दिसत राहावा म्हणून. काशीनाथला फोन केला होता. तो उचलून "हां भइया, नाव पर हूँ" म्हणाला आणि ठेवला. माफी मागायची राहून गेली.

तुझ्या नोकरीबद्दल मी काहीच म्हणत नाही. माहीत असूनही म्हणत नाही, असं समज. जा.

पण आईला मी घेऊन जाणार. दहा तारखेच्या सकाळी पोचतो, दोन तिकिटं परतीची काढलीत. कारण विचारू नकोस, मला सांगता येत नाही. एका माणसाने माझ्यापाशी काही ठेवायला दिलंय. इतकंच लिहितो की तू म्हणतेस ते माप मला मान्य नाही. मे महिन्यात जे मी नाकारलं त्याच्यावर आता माझा जास्त विश्वास आहे. त्या पहिल्या पंजांचे फोटो मी परत काढून बघितले. तू म्हणाली होतीस बघ, आणि मी दांडी बघत बसलो होतो.

घरी काल गेरू मिळाला नाही, म्हणून हात ओले करून आमच्या पॅसेजमध्ये चाललो. आधी गीता बघत होती तेव्हा, मग ती नसताना. ती हसली मला. पण दोन्ही वेळा रेषा वेगळी आली.

दहाला भेटू. तू निघायच्या आत एक दिवस तरी तिघं बसू.

प्रसन्न

*

वाराणसी
९ सप्टेंबर, दुपार

दादा,

हे पोस्टाने येणार नाही. पॅसेजमधल्या स्टीलच्या दांडीला दोऱ्याने बांधून ठेवतेय, तू उद्या सकाळी आत आलास की हाताशी येईल. मी नसेन. माझी गाडी आज चारची आहे. तुझ्यासाठी थांबले असते तर तू म्हणाला असतास बसू, आणि बसले असते तर उठले नसते. आज रात्री शरदिनीकाकू वर झोपायला येतील. गंगा सकाळी सातला आहेच.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी काशीनाथ काम संपवायला आला. दार लावलं. फुगलेलं लाकूड, आणि बोटाने ढकललं तरी मिटतं. मग त्याने माझ्या पलंगाखालून ती जुनी दांडी मागितली. मी म्हटलं, आता कशाला? पंजे सरळ आलेत ना. त्याने रंध्याची धार अंगठ्यावर तपासली. मग म्हणाला, "बहिनी, सीधा तो आदमी तब चलता है जब कोई देख रहा हो."

तेव्हा मला गच्ची आठवली. त्याने आम्हाला का पाठवलं होतं, आणि मी दुसऱ्या वेळी फोन घेऊन का उभी राहिले. आणि तुझं ते ठेवायला दिलेलं काय होतं, आणि कोणी दिलं होतं.

म्हणजे बघ, शाळेचा लिफाफा पंचांगात ठेवला, माझंच चुकलं. ह्या घरात ते कोण वाचतं हे मला माहीत होतं की.

त्याने तिरकी दांडी परत लावली, स्टीलच्या खाली. पहिल्या आठ पावलांना दोन्ही जवळजवळ आहेत. मग लाकडाची हळूहळू खाली उतरत जाते. मी आईला विचारलं नाही. माझ्यासमोर ती वरचीला हात लावून चालते, मान ताठ. गेले पाच-सहा दिवस मी रोज सकाळी भाजीला म्हणून खाली जाते, आणि भाजी आणत नाही. चार पायऱ्या उतरून उभी राहते. स्टीलवर तिच्या बांगड्या वाजतात, आठ पावलं. मग वाजायच्या थांबतात, आणि पावलं चालूच राहतात.

मला थांबावंसं वाटलं. परवा बॅगेतून सगळं बाहेर काढलं होतं. आईने बघितलं, एक स्वेटर घडी करून परत आत ठेवलं आणि पॅसेजमध्ये जाऊन माझ्यासमोर एक खेप जास्तीची चालली. वरची दांडी धरून. त्यानंतर मी बॅग भरली. मला कळलंय हे तिला सांगू नकोस. तिने इतकं चालून कमावलंय ते.

तुझी दोन तिकिटं आहेत. मी तुला ने म्हणत नाही, नेऊ नको म्हणत नाही. एवढंच कर. उद्या ती तुला चालून दाखवेल, ते बघू नकोस. तू आंघोळीला जा, नाहीतर घाटावर जा, काशीनाथची राहिलेली माफी मागून ये. परत आलास की खालच्या दांडीची शेवटचे पाच-सहा फूट बघ. लाकूड तिथे काळसर झालंय, खोबरेल तेलाने, तिच्या तळव्याचं. तिचा हात खाली जातो दादा, ते खरं आहे. पण जिथे जातो तिथे धरायला आहे. हे दोन्ही बघ आणि मग ठरव.

पट्टी लावू नकोस.

ती आत्ता झोपलीय, म्हणजे डोळे मिटून पडलीय. पाया पडले तेव्हा पाय हलले. खाली ऑटोवाला हॉर्न वाजवतोय, गली अडलीय म्हणून मागचा त्याला शिव्या देतोय. दार मी नुसतं ओढून घेतेय, मिटेल ते. निघाले.